घान्य मांडार

माझ्या वर्गाच्या खाली पिठाची गिरणी आहे. नालासोपारा पश्चिमेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. दुपारी चारला गिरणी सुरू झाली की माझी फरशी थरथरायला लागते. नवीन आलेलं मूल हमखास विचारतं, "टीचर, भूकंप?" जुनी मुलं सरावलेली आहेत. ती थरथरत्या टेबलावर रव्याच्या ताटात बोटाने 'ध' काढत बसतात आणि तोंडाने आवाज म्हणतात. बोटं फिरून फिरून रवा काळपट झाला की बदलायचा. महिन्याला दोन किलो लागतो.

अठरा वर्षं मी हेच करते आहे. माझ्याकडे येणारी मुलं बोलायला चटपटीत, व्यवहारात आपल्याला विकून येतील अशी. पण पुस्तक समोर ठेवलं की घामाघूम होतात. सरकारी कागदात याला 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' म्हणतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तिचं नाव आहे, आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याची सुरुवात महाराष्ट्राने त्याच्याही आधी वीस वर्षं, १९९६ साली केली. पालक 'एलडी' म्हणतात. गल्लीत मात्र एकच अक्षर चालतं: ढ.

या अक्षराची एक गंमत सांगतात. अशोकाच्या ब्राह्मीपासून आजपर्यंत सगळी अक्षरं वळणं बदलत आली, एकटा 'ढ' होता तसाच राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही तो ढ. खरं-खोटं लिपीवाले जाणोत. पण अशोकाच्या आदेशाचा एक तुकडा भगवानलाल इंद्रजींना आमच्या याच सोपाऱ्यात १८८२ साली सापडला, तेव्हा ही शिवी आमच्या गावाला बावीसशे वर्षं शोभते आहे असं म्हणायला माझी हरकत नाही.

माझा धाकटा भाऊ ढ होता. आमची वाडी वसईत, गिरीजच्या बाजूला. मोगरा आणि सोनचाफा. फुलं पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जायची, आणि बारा वर्षांचा झाल्यापासून आठवड्यातून तीन दिवस टोपलीबरोबर भाऊही जायचा. रात्री अडीचला उठायचं, टोपली उतरवून परतीच्या गाडीने यायचं, तसंच शाळेत जाऊन बसायचं. बसायचं म्हणजे झोपायचं. मास्तर हातावर छडी मारायचे, तो दचकून उठायचा, पुस्तकात 'भ'ला 'म' वाचायचा, आणि वर्ग हसायचा. सातवीत दोनदा बसला आणि मग शाळेचं नाव सोडलं. आज वाडी तोच बघतो, हजारांचे हिशेब तोंडी करतो, वर्तमानपत्र हातात घेत नाही. त्याला डिस्लेक्सिया होता की नुसती झोप नव्हती, हे मला आजही सांगता येत नाही. बहुधा दोन्ही होतं. दोन्ही इतकं कालवलेलं होतं की कुणी वेगळं करून बघितलंच नाही.

हे सगळं माहीत असूनही कित्येक वर्षं मी मुलांना झोपेचं विचारत नव्हते. प्रशिक्षणात आम्हांला शिकवलं होतं ते ऑर्टन आणि गिलिंगहॅम या दोघांच्या नावाने चालणारं तंत्र: कान, डोळा, बोट आणि तोंड एकाच वेळी कामाला लावायचं, आवाजाकडून अक्षराकडे जायचं, पायरी सोडायची नाही. तंत्र चांगलं आहे, आजही तेच वापरते. माझ्या वहीत प्रत्येक मुलाचं एक पान असे आणि त्यावर फक्त चुकणारी अक्षरं असत. घ-ध. भ-म. प-ष. वेलांटी कुठल्या बाजूला. जोडाक्षराचा कुठला अर्धा गळतो.

मग एक तिसरीतला मुलगा आला. संतोष भुवनकडच्या चाळीतला. सोमवारी शिकवलेलं मंगळवारी कोरं. अक्षरं त्याला समजत, पण मुरत नसत. मी ताटातला रवा बदलला, वाळू आणली, खरखरीत कागदाची अक्षरं कापली. एक दिवस तो 'ध' काढता काढता टेबलावर डोकं ठेवून झोपला. गालाला रवा चिकटला होता. मी उठवलं नाही. पाऊण तास झोपला, गिरणी चालू असताना. उठला आणि तीन ओळी वाचल्या. अडखळत, पण वाचल्या.

त्या दिवशी वहीत त्याच्या पानावर मी पहिल्यांदा अक्षराऐवजी आकडा लिहिला: १२.१५. रात्री झोपण्याची वेळ. सकाळी उठण्याची वेळ सहा. पावणेसहा तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात. म्हणजे हे पोर रोज किमान सव्वातीन तासांची उधारी घेऊन माझ्यासमोर बसत होतं, आणि मी रवा बदलत होते. दिवसा शिकलेलं रात्रीच्या झोपेत पक्कं होतं. झोपच तोकडी असेल तर शिकवलेलं दारात येऊन परत जातं.

मग मी शहाण्या माणसाने करावं तेच केलं. तक्ता केला. संध्याकाळी सातला जेवण, आठनंतर मोबाइल बंद, नऊला झोप, सहाला उठणं, न्याहारीला अमुक, डब्यात तमुक. रंगीत छापून, प्लास्टिकमध्ये घालून त्याच्या आईला दिला. ती अंधेरीला एका ऑफिसात साफसफाईच्या कामावर. तिने तक्ता वाचला, उलटा करून मागची बाजूही बघितली, आणि म्हणाली, "टीचर, यात गाडी कुठे आहे?"

मला कळलं नाही.

"आमची गाडी हो. मी अंधेरीहून सुटते साडेसातला. चढायला मिळालं तर नवापर्यंत घरी. मग सातला जेवण कोण घालणार? याचे बाबा दादरला कपड्यांच्या दुकानात. दुकानाचं शटर नऊला पडतं. ते येतात साडेदहा, अकरा."

"मग तुम्ही आल्यावर जेवून त्याला झोपवा. बाबांसाठी जागायला कशाला हवं?"

ती काही बोलली नाही. रविवारी त्याचे बाबा आले. बारीक माणूस, शर्टाला इस्त्री, टेबलाच्या कडेवर बसल्यासारखा बसलेला. म्हणाला, "टीचर, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण तो नऊला झोपला तर मला माझं पोरगं आठवड्यातले सहा दिवस फक्त झोपलेलंच दिसणार. सकाळी तो शाळेच्या घाईत, मी डोळे चोळत. रात्री अकरा ते बारा आमचा टाइम आहे. तो मला दिवसभराचं सांगतो. काही चुकतं का त्यात?"

काय सांगणार होते मी? नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार या चार स्टेशनांतून रोज पहाटेपासून माणसं दक्षिणेकडे ओढली जातात आणि रात्री परत ओतली जातात. इथलं मूल कधी झोपतं हे त्याची आई ठरवत नाही, पश्चिम रेल्वे ठरवते. 'आजकालचे पालक मुलांकडे लक्ष देत नाहीत' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत मी शंभर वेळा ऐकलं आहे, एक-दोनदा बोललेही असेन. ते बोलणाऱ्याने एकदा संध्याकाळी सातला दादरहून विरार फास्टमध्ये चढून बघावं.

तक्ता मी परत घेतला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही तिघांनी गाडीचं वेळापत्रक लिहिलं. आधी गाड्या, मग उरलेल्या वेळात मूल. बाबांचं दुकान उघडतं दहाला, घरातून निघायचं साडेआठला. मुलाची शाळा सकाळची, सातची. म्हणजे सकाळी सहा ते पावणेसात ही पाऊण तासाची फट होती आणि त्या फटीत बाबा झोपलेले असत. मी विचारलं, "अकरा ते बाराचा टाइम सकाळी सहाला हलवता येईल?" बाबांनी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "यांना सहाला उठवायला देव यायला पाहिजे." पण उठले. मुलगा आई आल्यावर जेवून साडेनवाला झोपायचा, सहाची वाट न बघता सव्वापाचलाच आपण होऊन उठायचा, बाबांना हलवायचा, आणि दोघे चालत दूध आणायला जायचे. जवळच्या दुकानातून नाही, मुद्दाम लांबच्या. वीस-पंचवीस मिनिटं. येता-जाता दुकानांच्या पाट्या वाचायच्या. पाट्या वाचायची कल्पना बाबांची, माझी नाही.

पावणेआठ तास झाली झोप. नऊ नाहीच. पण पूर्वी जो आठ मिनिटांत टेबलाखाली पेन्सिल शोधायला जायचा तो वीस मिनिटं बसायला लागला. घ आणि ध तरीही उलटे होतच राहिले, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. झोपेने डिस्लेक्सिया जात नाही, आहाराने जात नाही, व्यायामानेही जात नाही. वाचायला शेवटी वाचायला शिकवूनच येतं, तेही हळूहळू. पण जे मूल जागं नाही, पोटात काही नाही आणि ज्याचं अंग दिवसभर बाकावर आंबलं आहे, त्याला मी शिकवते आहे की भिंतीला, हे मला कळत नाही. एवढाच या तीन गोष्टींचा माझ्याशी संबंध. जाहिराती याच्या पुष्कळ पुढे जातात.

२०२४च्या फेब्रुवारीत सरकारने आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नवाच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप होत नाही म्हणून राज्यपालांनी जाहीरपणे सुचवलं आणि तसं झालं. मला आनंद झाला. आठवड्याभरात चार आया माझ्याकडे आल्या, तोंडं उतरलेली. सातची शाळा होती तेव्हा मुलाला गेटात सोडून गाडी पकडता येत होती. आता नवाला कोण सोडणार? एकीने शेजारणीला महिना आठशे रुपये ठरवले. दुसरीचं पोर सकाळी साडेसात ते साडेआठ एकटं घरात, टीव्हीसमोर, बाहेरून कुलूप. आदेश चुकीचा नव्हता. त्यातही गाडी नव्हती, एवढंच.

झोपेचं आणखी एक सांगते, कारण हे शिक्षकांच्या लक्षात येत नाही. एक मुलगी होती, विरारच्या ग्लोबल सिटीतली. घरी सगळं वेळेवर, नऊला झोप, आई घरी. तरी वर्गात तोंड उघडं, नजर हरवलेली. डोळ्यांखाली काळं. सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की एकाग्रतेचा आजार. मी आईला विचारलं, घोरते का? आई हसली, "अगदी आजोबांसारखी. आम्ही व्हिडिओ काढलाय." तो गमतीचा व्हिडिओ मी बघितला आणि माझं हसू गेलं. पोर घोरता घोरता मध्येच थांबत होतं, श्वास अडकून, आणि मग धडपडून पुन्हा सुरू. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नाकामागची अॅडिनॉइडची गाठ वाढलेली होती. शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी ती मला म्हणाली, "टीचर, तुमच्या गिरणीचा आवाज किती मोठा आहे." तोवर तिला तो ऐकूच आला नव्हता. वाचन तिचं मागे होतंच, ते आम्ही पुढे दीड वर्ष केलं. पण एकाग्रतेच्या गोळ्या टळल्या. तेव्हापासून माझ्या वहीत 'घोरतो/घोरते' असा रकाना आहे.

आणि एक फजिती, माझ्याच चुकीची. सवलतीसाठी प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात चाचण्या होतात. चौकशीला, नोंदणीला, चाचणीला, अहवालाला अशा चकरा होतात. आठवीतल्या एका मुलाला मीच सांगितलं, लवकर जा, नंबर लागेल. बाप-लेक पहाटे चारला उठले, उभ्याने दादर, तिथून गाडी बदलून पुढे. घाईत खाल्लं काही नाही. बुद्ध्यांकाची चाचणी साडेअकराला सुरू झाली. मुलगा त्यात जांभया देत, मिळेल ते उत्तर सांगत बसला. आकडा इतका खाली आला की अध्ययन अक्षमतेत बसेना. तपासणाऱ्या बाईंनी तर वारंवार विचारलं होतं, बरं वाटतंय ना? तो 'हो' म्हणाला. आमच्याकडची मुलं नेहमी 'हो'च म्हणतात. पुन्हा चाचणीसाठी बरेच महिने थांबावं लागलं. दुसऱ्या वेळी मी त्यांना आदल्या रात्री मुंबईत मावशीकडे मुक्कामाला पाठवलं आणि डब्यात तिखटामिठाच्या पुऱ्या अन् उकडलेली अंडी दिली. काय झालं ते सांगत नाही. दहावीला त्याला लेखनिक मिळाला एवढं पुरे.

आता खाण्याचं. इथे मला बोलायला आवडतं, म्हणून जरा जपून.

सकाळची न्याहारी म्हणजे आमच्या भागात चहा आणि ग्लुकोज बिस्कीट. किंवा चहा-खारी. मुलाला चहा देणं हा आमच्याकडे लाड समजला जातो. शाळेतून येताना दहा रुपयांचं चिप्सचं पाकीट, आणि क्लासला येण्याआधी वडापाव. पोट भरलेलं, रक्त रिकामं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. तीच मुलं पुढे दुसरी-तिसरीत जातात आणि माझ्या जिन्यात धापा टाकतात. लोह कमी असलेलं मूल आळशी दिसतं, लक्ष न देणारं दिसतं, किंवा चिडकं दिसतं. त्यावर जेवणाबरोबरचा चहा. तो असलेलं लोहही अंगी लागू देत नाही.

यात एक विचित्र गोष्ट आहे. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेत पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला साडेचारशे उष्मांक आणि बारा ग्रॅम प्रथिनं हा त्याचा हिशेब. तिथेच आठवड्याची लोहाची गोळी मिळते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. जंताची गोळीही मिळते. पण नालासोपाऱ्यातला रिक्षावाला पोटाला चिमटा काढून पोराला गल्लीतल्या स्वस्त इंग्रजी शाळेत घालतो. तिथे टाय आहे, खिचडी नाही. गोळीचं तर नावही त्याने ऐकलेलं नसतं. त्याने पैसे भरून मुलाची खिचडी घालवली, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

मी आता पालकांना यादी देत नाही. तक्त्याने शिकवलं. एकच गोष्ट मागते. पहिल्या महिन्यात फक्त चहा बंद, बाकी काही बदलू नका. दुसऱ्या महिन्यात सकाळी काहीतरी खरं खाणं, मग ती कालची चपाती तव्यावर तेल-तिखट लावून का असेना. चिप्सऐवजी शेंगदाणे-गूळ. आणि भाजीवर लिंबू. त्याने लोह शोषलं जातं आणि लिंबू सगळ्यांना परवडतं. वसई गावातल्या घरांना मी सुकेळी सांगते. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली, आमच्या आजीच्या काळी घरोघरी असायची. आता ती इतकी महाग झाली आहे की मुलांच्या डब्यापेक्षा पाहुण्यांच्या पुड्यात जास्त जाते.

मासळीची गोष्ट तर मी कुणालाही ऐकवते. अर्नाळ्याची एक मावशी, विरारच्या बाजारात मासळी विकायला बसते. नात माझ्याकडे येते. एके दिवशी मावशीने पिशवीतून बाटली काढली. "बाई, ही गोळी देऊ का? मेंदूला चांगली म्हणून मेडिकलवाल्याने दिली. साडेसहाशे रुपये." माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. मी विचारलं, "मावशी, टोपलीत आज काय होतं?" म्हणाली, "तारली. आणि थोडा बांगडा." "पोर खाते?" "घरी खाते. डब्यात नाय देत. शाळेत पोरं नाक दाबतात. बाईंनी पण सांगितलं, वास येतो, आणू नका. म्हणून ब्रेड-जाम देते."

म्हणजे आजी तारली विकते, त्या पैशांतून तेलाची बाटली घेते, आणि नातीला ब्रेड-जाम. बाटलीतलं जे काही असेल ते तारली-बांगड्यातच आहे, शिवाय प्रथिनं फुकट. या कॅप्सूलने वाचन सुधारतं अशी २००५ साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासाने मोठी आशा लावली होती. पुढे त्यातल्याच काहींनी २०१८मध्ये मोठा अभ्यास केला, तेव्हा तसं काही हाताला लागलं नाही. मी मावशीला एवढंच म्हटलं, बाटली परत करा, रात्री पोरीच्या ताटात एक तारली वाढवा, आणि डब्यात अंडा-भुर्जी चपातीत गुंडाळून द्या. मेडिकलवाल्याने बाटली परत घेतली नाही. मावशीने ती स्वतः खाऊन संपवली, गुडघ्यांसाठी.

गोड खाल्लं की मुलं उधळतात, असंही सगळे म्हणतात. १९९५ साली यावरचे सगळे नीट केलेले प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा साखरेचा मुलांच्या वागण्यावर तसा परिणाम दिसला नाही. मी हे पालकसभेत सांगितलं तर एका आईने सरळ म्हटलं, "टीचर, तुम्ही आमच्याकडे वाढदिवसाला या." तेव्हापासून सांगत नाही. दातांसाठी कमी द्या म्हणते, ते सगळ्यांना पटतं.

ज्या मुलांना एकाग्रतेची गोळी चालू असते त्यांचं वेगळं. त्या गोळीने भूक मरते. डबा जसाच्या तसा परत येतो, आई रडते, घरात भांडण. गोळीच्या आधी भरपेट न्याहारी आणि रात्री गोळीचा असर उतरल्यावर दुसरं जेवण, हे डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. गर्दीत ऐकलेलं नसतं. ते मी मोठ्या अक्षरात लिहून देते.

व्यायामाबद्दल थोडक्यात, कारण जागाच नाही. लेखात नाही, नालासोपाऱ्यात. गच्चीला सोसायटीचं कुलूप, गल्लीत रिक्षा, मैदान म्हणाल तर तिथे लग्नाचा मंडप. माझ्या मुलांनी न अडखळता वाचलेली पहिली पाटी बऱ्याचदा 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' हीच असते, 'सक्त'मधल्या जोडाक्षरासकट. पाचपासून सतरा वर्षांपर्यंतच्या मुलाने रोज तासभर अंग घामाने भिजेल असं काही करावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. २०१३ साली अमेरिकेत आठ ते दहा वर्षांच्या चाळीस मुलांवर एक छोटा प्रयोग झाला. निम्म्यांना एकाग्रतेचा त्रास होता. एकदा वीस मिनिटं ट्रेडमिलवर चालवून आणि एकदा नुसतं बसून वाचायला लावून चाचणी घेतली. चालून आल्यावर सगळ्यांचंच वाचन आणि गणित त्या वेळेपुरतं सुधारलं. वीस मिनिटं. तेवढी तर आमच्याकडेही निघतात.

म्हणून माझा वर्ग आता जिन्यात सुरू होतो. चार मजले वर, चार मजले खाली, दोनदा. मग पॅसेजमध्ये लंगडी. दोरीच्या उड्या मारताना बाराखडी. पहिल्या आठवड्यात खालच्या गिरणीवाल्याने तक्रार केली की छत हादरतं. मी म्हटलं, काका, आता कळलं का मला कसं वाटतं? त्यानंतर तो काही बोलला नाही. आता त्याचा नातूही येतो. महिन्यातून एका शनिवारी राजोडीच्या किनाऱ्यावर जातो. ओहोटीच्या ओल्या वाळूत टाचेने हातभर अक्षर काढायचं आणि त्यावरून पळायचं. 'ध' पळताना वरची गाठ मारावी लागते, 'घ'ला लागत नाही. रव्याच्या ताटात जे दोन वर्षांत कळलं नाही ते काहींच्या पायांना कळतं. सगळ्यांच्या नाही. डिसेंबरात वसई-विरारच्या मॅरेथॉनची हवा असते तेव्हा मुलांना पळायला सांगावं लागत नाही. जानेवारीत पुन्हा सांगावं लागतं.

संतोष भुवनचा तो मुलगा अशा दोन डिसेंबरांत पळाला. दुधाचं चालणं दिवाळीत सुरू झालं ते दीड वर्ष टिकलं. मग बाबांचं दुकान बंद झालं. त्यांनी भिवंडीच्या एका गोदामात काम धरलं, रात्रपाळी. निघायचं संध्याकाळी, यायचं सकाळी साडेसहाला, मुलगा शाळेला निघता निघता. आमची फट गेली. मुलगा पुन्हा रात्री जागा राहायला लागला, आता कुणाची वाट बघत नव्हता तरी. वहीत आकडा पुन्हा ११.४० झाला. आम्ही पुन्हा तिघे बसलो. या वेळी गाडी नव्हती, कंपनीची बस होती, आणि तिचं वेळापत्रक कुणालाच माहीत नव्हतं. एवढंच ठरलं की रविवारची आणि सुट्टीची सकाळ तरी सोडायची नाही.

परवा रविवारी सव्वासहाला माझा फोन वाजला. बाबांचा आवाज, मागे रस्त्याचा आवाज.

"टीचर, झोपला होतात का? दुधाला आलोय. पोरगं आज स्वतःहून उठलं. तुम्हांला सांगायचं होतं म्हणून केला. आपल्या नाक्यावर ते धान्य भांडार आहे ना? मी हात न लावता, बोट न दाखवता त्याने अख्खी पाटी वाचली. एका दमात."

"काय वाचलं?"

"घान्य मांडार."

आम्ही दोघेही हसलो. मी विचारलं, "मग तुम्ही दुरुस्त केलं की नाही?"

"नाही," ते म्हणाले. "चालत होतो ना."